सहाव्या महिन्यात पाण्यात

सहावा महिना लागला आणि तिच्या पोटाची आणि सलूनमधल्या खुर्चीची रोज टक्कर होऊ लागली. ती बायकांचे केस कापायची. कात्री चालवताना पूर्वी ती खुर्चीला अगदी खेटून उभी राहायची. आता हात लांब करून, वाकून काम करावं लागे. संध्याकाळपर्यंत कंबर नुसती मोडून यायची. नाक कायम चोंदलेलं, दोन घास जास्त झाले की छातीत जळजळ, आणि झोप लागते न लागते तोच पोटरीत गोळा. आरशातून गिऱ्हाइकं सल्ले देत. "मुलगाच आहे, पोट पुढं आलंय," एक म्हणे. "छे, चेहरा बघ की, मुलगी," शेजारची म्हणे. ती दोघींना मान सरळ ठेवायला सांगे.

या सगळ्याचं तिला फारसं काही वाटत नसे. भीती वेगळीच होती. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात बाळ गेलं होतं. या वेळी तो महिना पार पडला तेव्हा घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. सासूबाईंनी मात्र घरातले सगळे पडदे काढून धुतले, वाळवले आणि परत लावले. नवरा म्हणाला, "आई, मागच्याच आठवड्यात धुतले होतेस." त्या म्हणाल्या, "मग? परत मळत नाहीत का?"

तपासणीला सासूबाई बरोबर असायच्याच. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवून ठोके ऐकवले. धावत्या घोड्यासारखे ठोके. मग कंबरेचं गाऱ्हाणं ऐकून म्हणाल्या, "सगळं छान आहे. आता पाण्यात जा. पोहण्याच्या तलावावर बायकांची वेगळी वेळ असते. पाणी पोटाचा भार उचलतं, कंबरेला सुट्टी मिळते."

"पाण्यात?" सासूबाई म्हणाल्या. "हिला मी बादली उचलू देत नाही."

"बादली नकोच उचलायला. पोहायचं आहे."

 घरी येताना तिला मनातून सुटल्यासारखं झालं होतं. तिला पोहता येत नव्हतं, आणि सासूबाई नाही म्हणतील याची तिला खात्री होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवीत टॉवेल भरून दारात उभ्या. "चल. बघून तर येऊ."

तलाव छपराखाली होता. औषधाचा उग्र वास, ओल्या फरशा, आणि उथळ कडेला पाण्यात चालणाऱ्या चारदोन वयस्क बायका. शिकवणाऱ्या बाई गळ्यात शिट्टी अडकवून पाण्यात उभ्याच होत्या. ती तिथंच भाड्यानं मिळालेला पोहण्याचा पोशाख घालून पायऱ्यांपाशी आली, दांडा धरला, आणि पोट एकदम दगडासारखं घट्ट झालं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

बाईंनी तो पाहिला. "दुखतंय का?"

"नाही. आवळल्यासारखं झालंय."

"खाली बस. श्वास सावकाश सोड. या महिन्यांत असं होतं अधूनमधून, पोटाची तालीम चाललेली असते. दुखलं किंवा सारखं सारखं येत राहिलं, तर मात्र लगेच डॉक्टर."

ती पायरीवर बसून राहिली. हळूहळू पोट सैल पडलं. पण पाय काही पुढं होईनात. "आई, घरी जाऊ या," ती म्हणाली.

 तिनं वळून पाहिलं. सासूबाई बाकावर चष्मा ठेवून अंगावरचे कपडे उतरवत होत्या. आत नवा कोरा, निळा, पोहण्याचा पोशाख होता. दंडाजवळ किमतीची चिठ्ठी लोंबत होती.

"हा कधी आणलात?"

"काल. तू घाबरणार हे मला ठाऊक होतं. कुणीतरी आत हवं ना."

"तुम्हाला पोहता येतं?"

"कुठलं यायला? पाण्याला बघूनच मला धडकी भरते." त्या दांडा घट्ट धरून एकेक पायरी उतरल्या. पाणी पोटऱ्यांना लागलं तशा शहारल्या. कंबरेइतक्या पाण्यात उभ्या राहून त्यांनी हात पुढं केला. "मागच्या वेळी मी तुला अंथरुणातून हलू दिलं नाही. तरी गेलंच ना? तुझ्या चालण्याफिरण्यानं गेलं नव्हतं, हे डॉक्टर तेव्हाच म्हणाल्या होत्या. मला पटायला वेळ लागला. ये."

ती उतरली. पाणी छातीपर्यंत आलं आणि कंबरेवरचं ओझं कुणी अलगद काढून घ्यावं तसं झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं पाठ सरळ केली. तिला हसू आलं.

मग दोघी रोज येऊ लागल्या. आधी दांडा धरून पाय मारणं, मग तरंगती फळी धरून, मग आधार सोडून तरंगणं. सासूबाई नाकातोंडात पाणी जाऊन ठसकायच्या, शिकवणाऱ्या बाईंना दोष द्यायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. सुनेला दांडा सोडायचा धीर त्यांनीच दिला; स्वतः मात्र दांड्याशी मैत्री तोडायला तयार नव्हत्या.

सहावा महिना सरत आला तेव्हा एका सकाळी बाई म्हणाल्या, "आज या काठापासून त्या काठापर्यंत. रुंदीच आहे. मी शेजारून चालते."

ती निघाली. डोकं वर ठेवून, हात बाजूला फाकवत, सावकाश. मध्यावर आली आणि बाळानं आतून सणसणीत लाथ मारली, मग दुसरी. ती दचकली, हात थांबले, पाणी हनुवटीला लागलं.

"काय झालं?" मागून, दांडा धरून उभ्या असलेल्या सासूबाईंचा आवाज आला.

"पाय मारतंय."

"मग तूही मार," त्या म्हणाल्या. "त्याच्या मागं राहू नकोस."

हसताना थोडं पाणी तोंडात गेलं, पण ती थांबली नाही. हात, पाय, श्वास. समोरची निळी फरशी मोठी होत गेली. तिनं काठाला हात लावला तेव्हा पाण्यात चालणाऱ्या सगळ्या वयस्क बायका पाण्यावर थापा मारत होत्या. ती काठ धरून धापा टाकत, हसत, रडत राहिली. पोटातला धिंगाणा थांबतच नव्हता.

इतक्यात तिला दिसलं, पलीकडच्या दांड्यापाशी कुणीच नव्हतं. निळ्या पोशाखातल्या सासूबाई दोन्ही हातांनी पाणी उडवत, ठसकत, कुत्र्यासारखे पाय मारत तिच्याच दिशेनं येत होत्या.