गोदाबाईचा सोमवार

खुशालरावांच्या घरात उपासांना कधी दुष्काळ नव्हता. सोमवार, एकादशी, चतुर्थी, शिवाय मध्येच बोललेले नवस वेगळे. उपास करायचे बायांनी आणि फळ मिळायचं घराला, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. त्यात सात समुद्रांपलीकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला आणि अमरावतीच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे तो भाव आला. गावानं त्याचं श्रेय लढाईला दिलं. खुशालरावांच्या आईनं, पार्वताबाईनं, ते सुनेच्या सोमवारांना दिलं. ही सून म्हणजे गोदाबाई. निम्मा आठवडा उपाशी राहणारी बाई म्हणून पेठेत तिचं नाव होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचंही.

तिची थोरली लेक शकुन. नवव्या वर्षी अकोल्याच्या महादेवरावांच्या मुलाला दिलेली, तेराव्या वर्षी न्हाण आलेली. आता सासरी पाठवणीचं बोलणं निघालं आणि पोरीनं आधी रात्रीची भाकर सोडली. मग दूध, मग तूप. घरात कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. उलट पार्वताबाई शेजारणींना सांगत सुटल्या, पोर आईवर गेली, जिभेचे चोचले म्हणून नाहीत. या कौतुकावर पोरीनं दुपारचं जेवणही अर्ध्यावर आणलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या आणि दर महिन्याचा कावळा शिवायचा थांबला, तेव्हा कुठं गोदाबाईनं वैद्यांना बोलावणं धाडलं.

मग उपाय सुरू झाले. वैद्यांनी भूक लागायचं चूर्ण दिलं. ते शकुननं गुपचूप गोठ्यातल्या गाईला चाटवलं, आणि गाईची भूक मात्र झकास वाढली. देवऋषीनं बाहेरची बाधा सांगून लिंबं उतरवली. खुशालरावांचा विश्वास काट्यावर. त्यांनी पोरीला वखारीत नेलं आणि हमालांच्या देखत कापसाच्या काट्यावर बसवलं. मग दर आठवड्याला हेच. हळूहळू वजन वाढू लागलं तसे ते मिशीला पीळ देऊ लागले. एकदा काट्यावरून उतरताना तिच्या ओच्यातून दगड घरंगळले, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पोरीनं ते दगड उचलायची तसदीही घेतली नाही.

शेवटी अचलपूरहून हकीम अब्दुल सत्तार आले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग शकुनसमोर ताट मांडायला सांगितलं आणि त्या ताटाला चिकटलेले घरातल्या सगळ्यांचे डोळे पाहिले. कण्या आणि ताक द्या, थोडं थोडं, ते म्हणाले. घास मोजू नका, लाडीगोडी नको, धाकही नको. घरातल्या एका बाईनं तिच्या शेजारी बसून तिच्याबरोबर जेवावं, औषध म्हणाल तर एवढंच. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण हे औषध त्या घरात आणायचं कुठून? पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बायांचं पान मांडायचं नाही, आणि भाव चढल्यापासून पुरुष बाजारातून घरी यायचे ते दिवस कलल्यावर. त्यात गोदाबाईचे उपास. हकीमसाहेब परत गेले आणि घर पुन्हा शकुनचे घास मोजू लागलं.

मूळ दुखणं पाठवणीचं असेल, असं एव्हाना खुशालरावांच्याही ध्यानात आलं होतं. माणूस हट्टी खरा, पण लेकीवर जीव होता. त्यांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली, तू म्हणशील तेव्हाच अकोल्याला पाठवीन. घराला वाटलं, सुटली गाठ. शकुनलाही तसंच वाटलं. ती हसत ताटावर बसली, भाकरीचा तुकडा मोडला, तोंडापर्यंत नेला आणि हात तिथंच थांबला.

"माय, मले खायाचं हाये," ती रडत म्हणाली. "पण आता हे माह्या हाती नाही राहिलं."

लेकीची हाडं मोजता येत होती, त्यानंही गोदाबाई एवढी भ्याली नव्हती. पोर जाणार, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मग तिला जे येत होतं तेच तिनं केलं. पोर जेवेपर्यंत दर सोमवारी पाण्याचा थेंबही घेणार नाही, असा देवासमोर नवस बोलली, आणि सुकलेल्या ओठांनी तो लेकीच्या बाजेशी बसून तिला सांगितला.

शकुन बाजेवर उठून बसली.

"बाबाच्या कापसाच्या भावासाठी तू उपाशी. आजीच्या गुडघ्यासाठी तू उपाशी. आता मी जेवावं म्हणूनबी तूच उपाशी," ती म्हणाली. "या घरात बाईले काई पाहिजे असलं का ती जेवण सोडते. मग मी वेगळं काय करून राहिली?"

गोदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात उगारलाही तिनं, पण त्या बसलेल्या गालफडांवर मारणार कुठं? ती तरातरा उठून गेली आणि पितळी भांडी घासत बसली. अर्धी भांडी होईपर्यंत राग लेकीवर होता. मग तिला तिवस्याचं माहेर आठवलं, तव्यावरून थेट हातात पडणारी भाकर आठवली. चुलीवरून उतरलेली गरम भाकर आपण शेवटची कधी खाल्ली, हे मात्र काही केल्या आठवेना. राग तेव्हा कुठं योग्य ठिकाणी पोचला. पोरीला हे शिकवलं कुणी, तर आपण, आणि वर त्याची शाबासकीही घेतली, हे तिला लख्ख कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या सोमवारी महादेवराव सुनेला डोळ्यांनी पाहायला अकोल्याहून आले. व्याही आले म्हणून दुपारीच पंगत धरायची ठरली. हातपाय धुऊन पुरुष ओसरीवर पाटांवर बसले. आत गोदाबाईनं तव्यावरची पहिली भाकर उतरवली, पण ती बाहेर धाडली नाही. तिनं चुलीपाशी शेजारी शेजारी दोन ताटं मांडली, एका ताटात कण्या आणि ताक, दुसऱ्यात भाकर आणि ठेचा. शकुनला हात धरून बसवलं, आपण बसली आणि भाकर मोडली.

पार्वताबाई दारातच थिजल्या. आज सोमवार, देवापुढचा नवस, घराची रीत, सगळं त्यांनी एका दमात आठवून दिलं. गोदाबाई चावत राहिली.

"व्याही उपाशी बसले हायेत बाहेर, अन् तू खाऊन राहिली?"

"बसू द्या, आत्याबाई," गोदाबाई म्हणाली. "उपाशानं पुण्य लागते, हे तुमीच मले शिकवलं. आज थोडं त्यायलेबी लागू द्या."

हे ओसरीवर ऐकू गेलं. महादेवरावांनी आवाज चढवला, अशा घरची सून आम्हाला नको, आम्ही पोरासाठी दुसरं स्थळ पाहू. खुशालराव लालबुंद होऊन माजघरात आले. गोदाबाईनं पदर सारखा केला, पण ती जागची हलली नाही.

"त्यायले दुसरं घर पाहायचं असन तर पाहू द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "अकोल्याचं घर या पोरीवाचून चालन. माहं नाही चालणार."

लग्नाच्या इतक्या वर्षांत भरल्या तोंडानं ही बाई आपल्याशी बोलली नव्हती. खुशालरावांचं लक्ष लेकीच्या मनगटाकडं गेलं, आणि ते व्याह्यांची समजूत घालायला बाहेर गेले.

शकुननं चिमूटभर कण्या उचलल्या. गोदाबाईनं तिकडं पाहिलं नाही. ठेच्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, नाक वाहत होतं, आणि ती अधाशासारखी खात होती, लाज सोडून. शेजारी पोरीनं घास तोंडात घोळवला, घोळवत राहिली, शेवटी गिळला. दुसऱ्या घासाला ती नको म्हणाली. गोदाबाईनं आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी पंगतीच्या आधी पुन्हा दोन ताटं वाढली गेली. शकुननं त्या दिवशी कशालाच हात लावला नाही. ती आईचं जेवण होईपर्यंत नुसती बसून राहिली. गोदाबाई पोटभर जेवली. तिसऱ्या दिवशीही तिनं दोनच ताटं वाढली.