तीन ग्रॅम कमी भरलेला डबा

मी बोलतोय. पुस्तकांच्या कपाटावर दोन अँटेना वर करून बसलेला काळा डबा. दुकानात मला राउटर म्हणत. या घरातले अण्णा मला 'आरोपी' म्हणतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. निळे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझे चारही दिवे लागतात का ते पाहिलं, पोटाखाली चार रबरी पाय चिकटवले आणि मला खोक्यात घातलं. इतक्या विश्वासानं मला पुन्हा कोणी हाताळलं नाही. पुढे आठ महिने मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात होतो. दुकानदार मला गिऱ्हाइकांना दाखवायला काढी, गिऱ्हाइकं मला उलटंपालटं करीत, किंमत विचारीत आणि ठेवून जात. त्या उचलठेवीत माझे मागचे दोन पाय गळून पडले. ते दुकानदारालाही कळलं नाही.

मग एके दिवशी अण्णा आले. त्यांनी मला खोक्यातून काढलं, पिशवीतून एक छोटा तराजू काढला आणि काउंटरवरच माझं वजन केलं.

"खोक्यावर लिहिलंय एकशे पंच्याऐंशी ग्रॅम," अण्णा म्हणाले. "भरतोय एकशे ब्याऐंशी. तीन ग्रॅम कुठे गेले?"

दुकानदार हसला. "काका, हा काय साखरेचा पुडा आहे?"

"साखरवालेही असंच हसायचे," अण्णा म्हणाले.

अण्णा चौतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोकळ केलेलं माप, काटा अडकवणारी टाचणी, सगळं त्यांनी पकडलेलं. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नव्हती. दूधवाल्याचं माप, गॅसची टाकी, शिंप्याची टेप, त्यांच्या हातून काहीच सुटत नसे. आई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "बरं झालं लग्नाच्या वेळी तराजू जवळ नव्हता, नाहीतर मलाही परत पाठवलं असतंत."

मला विकत घेण्यामागेही संशयच होता. इंटरनेटच्या कंपन्या आपला डबा फुकट देतात. अण्णांचं म्हणणं, "ज्याचा माल त्याचंच माप? आपल्याला नको. डबा आपला, लाइन त्यांची." म्हणून पुढे कंपन्या बदलत गेल्या, मी मात्र तोच राहिलो.

ही सगळी धावपळ होती लेकीसाठी. ती दुभाषी आहे, हातांची दुभाषी. दवाखान्यात ऐकू न येणारा रुग्ण आला की तिथल्या पडद्यावर ती दिसते. डॉक्टर बोलतात, ती ते खुणांनी रुग्णाला सांगते. रुग्ण खुणांनी उत्तर देतो, ती ते डॉक्टरांना बोलून दाखवते. एका संस्थेनं तिला घरून काम करायला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. अट अशी, की तीन महिन्यांत तिच्या बाजूनं चौथ्यांदा संवाद तुटला तर नाव कमी. पार पडली तर कायम. आधीच्या नोकरीवर पाणी सोडून ती यात उतरली होती. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही, ती मिळते जिन्याच्या खिडकीत. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर आणि माझ्या पाठीत खुपसलेल्या वायरीवर.

स्वस्त आणि भरवशाची लाइन शोधायला अण्णांनी पंधरा दिवस घेतले. चार कंपन्यांची पत्रकं आणली, भिंग घेऊन त्यांतली बारीक अक्षरं वाचली. खालच्या औषधवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "आमची उत्तम चालते." अण्णांनी तिथंच उभं राहून अर्धा तास पाहिलं. औषधवाला दोनदा उठून डबा बंद-चालू करून आला. "उत्तम म्हणजे एवढं उत्तम," अण्णांनी वहीत लिहिलं. त्यांची ती वही लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. दिवस, वेळ, किती सांगितलं, किती भरलं, असे चार रकाने.

शेवटी सर्वांत स्वस्त कंपनी ठरली. महिन्याला दीडशे जीबी, त्यापुढे वेग गोगलगाईचा. अण्णांनी लेकीला आठवडाभर काम करू दिलं, तिच्या संगणकावरचा वापर पाहिला आणि हिशेब मांडला. "महिन्याचे एकशे दहा. चाळीस शिल्लक राहतील. ठीक आहे."

हिशेब बरोबर होता. एक गोष्ट सोडून.

लाइन लागली त्याच दिवसापासून अण्णा मोबाइल घेऊन माझ्यासमोर उभे राहू लागले. त्यावर वेग मोजायचं एक ॲप होतं. बटण दाबलं की काटा थरथरत वर जायचा, आकडा यायचा, अण्णा तो वहीत लिहायचे. दर अर्ध्या तासानं. सकाळी सातपासून रात्री साडेआठपर्यंत.

आता हे वेग मोजणं म्हणजे काय, ते मला विचारा. वेग कळावा म्हणून ते ॲप माझ्या पोटातून जमेल तेवढा माल ओढून काढतं आणि फेकून देतं. एका मोजणीला शंभर एमबी. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं काय चाललंय. पण मला चार दिवे आहेत, तोंड नाही. मी लुकलुकलो. अण्णांनी लिहिलं, "तिसरा दिवा संशयास्पद."

पंचविसाव्या दिवशी दीडशे जीबी संपले. लेक तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थाला सांगत होती, की शस्त्रक्रिया कोणत्या डोळ्याची आहे. तिचा हात चेहऱ्याकडे निघाला आणि पडद्यावर मध्येच थिजला. डावा की उजवा, ते त्या माणसाला दिसलंच नाही. दवाखान्यानं कागदावर लिहून निभावलं. लेक मात्र बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"एक गेला," ती म्हणाली.

अण्णांनी जिन्याच्या खिडकीत जाऊन, स्पीकर मोठा करून कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाज आला, "सर, तुमचा डेटा संपलाय."

"संपेल कसा? मी मोजलाय!"

"आमच्या नोंदीप्रमाणे संपलाय सर."

"तुमची नोंद तुमच्याच मापानं ना?" अण्णांनी फोन ठेवला आणि आईंना म्हणाले, "बघितलंस? काटा यांचा, पारडं यांचं."

दुसरी कंपनी आली. दीडशेच जीबी, पण जाहिरातीत 'भरवसा' हा शब्द तीनदा होता. अण्णांना तो तीनदा असल्याचाच संशय आला. या खेपेला चोर रंगेहाथ पकडायचा म्हणून ते दर पंधरा मिनिटांनी मोजू लागले. अठराव्या दिवशी डेटा संपला. त्याच दिवशी एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा, लेकीचे हात थिजले.

"अण्णा, आता तीन झाले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"चिऊ, मी सोडणार नाही त्यांना."

"मला त्यांना सोडायचंही नाहीये आणि धरायचंही नाहीये. मला फक्त माझे हात दिसायला हवेत."

आई म्हणाल्या, "मी म्हणते, हा डबाच का बदलत नाही? पहिल्यापासून वजनाला कमीच आहे तो."

मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलो. पण अण्णांनी मान हलवली. "याच्यावर माझी नजर आहे. असू दे डोळ्यांसमोर."

तिसरी कंपनी थोडी महाग, पण दोनशे जीबीची. अण्णांनी आता दर दहा मिनिटांनी मोजायला घेतलं. वहीची पानं भराभर भरू लागली. सकाळचा चहाही ते माझ्यासमोर उभ्यानंच घ्यायचे. तेराव्या दिवशी अण्णा जिन्यावरून मोबाइलकडे बघतच आत आले, संदेश होता, 'आपला सत्तर टक्के डेटा वापरून झाला आहे.' लेकीच्या कामाचे अजून नऊ दिवस राहिले होते. अण्णांचा चेहरा मी पाहिला. तो रागाचा नव्हता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा एखादा दुकानदार त्यांच्या हातावर तुरी देऊन चाललाय, असा तो चेहरा होता.

त्यांनी कंपनीचा लाइनमन बोलावला. पन्नाशीचा, गुडघेदुखीचा माणूस. तीन जिने चढून आला तो आधी पाणी प्यायला.

"साहेब, लाइन झकास आहे."

"मग माल जातो कुठे?"

"शेजारी कोणी पासवर्ड—"

"पासवर्ड बत्तीस अक्षरी आहे. तो मलाही वहीत बघून टाकावा लागतो."

लाइनमननं लॅपटॉप उघडला आणि कंपनीकडचा वापराचा आलेख काढला. आई आणि लेक मागून बघू लागल्या. आलेखावर एकसारखे खिळे ठोकावेत तशा रेघा होत्या. नऊ, नऊ दहा, नऊ वीस, नऊ तीस.

"हे माणसाचं काम नाही," लाइनमन म्हणाला. "एखादं यंत्र लागलंय. घड्याळ लावून ओढतंय. रविवारीसुद्धा सुट्टी नाही."

"मी म्हणालो नव्हतो?" अण्णा ताठ झाले. "घ्या लिहून. आता पंचनामाच करू."

"फक्त इथं बघा," लाइनमननं बोट ठेवलं. "रोज दीड ते तीन या रेघा नाहीत. यंत्र तेव्हा बंद असतं. आणि मग बरोब्बर तीनला पुन्हा सुरू."

मग आईंनी पदर तोंडाला लावला.

"अहो," त्या म्हणाल्या, "दीड ते तीन तर तुम्ही घोरत असता."

अण्णांनी सावकाश वही उघडली. बोटानं एकेक ओळ धरून लॅपटॉपशी ताडून पाहू लागले. नऊ. नऊ दहा. नऊ वीस. पान उलटलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून पाहिलं. साक्षीदार पक्का होता, आणि अक्षर त्यांचंच होतं.

"पण तपासणीनं माल कमी होत नाही," ते हळूच म्हणाले. "नमुना घ्यायचा, तोलायचा, परत पोत्यात टाकायचा. चौतीस वर्षं हेच केलं."

"साहेब, इथं नमुना परत पोत्यात जात नाही," लाइनमन म्हणाला. "मोजलं की संपलं. दिवसाला सात जीबी तुम्ही नुसते मोजताय."

आई हसत होत्या, पण लेकीकडे पाहून थांबल्या. लेक बापाकडे पाहत होती. अण्णांनी चष्मा काढला.

"ते तीन वेळा जे तुटलं," ते म्हणाले, "ते मी तोडलं."

तिनं 'नाही' म्हटलं नाही. खोटं बोलण्याची त्या घरात रीत नव्हती. "साठ उरलेत," ती म्हणाली. "मला पंचेचाळीस लागतील. पुरतील, अण्णा. फक्त मोजू नका."

अण्णांनी मोबाइल आईंच्या शिवणाच्या डब्यात ठेवला आणि डबा त्यांच्या हवाली केला.

पुढचे नऊ दिवस अण्णा होते तेवढा बेचैन माणूस मी कधी पाहिला नाही. दहा मिनिटं झाली की ते उठायचे, माझ्यापर्यंत यायचे, माझ्या दिव्यांकडे बघायचे, परत जायचे. हातांना काम म्हणून नोकरीतलं एक पितळी वजन त्यांनी शोधून काढलं आणि तेच मुठीत फिरवत राहिले. खरं सांगायचं तर माझाही जीव टांगणीला होता. आता वाऱ्यानं वायर हलली, तरी दोष कोणावर जाणार हे मला ठाऊक होतं.

नवव्या दिवशी दुपारी शेवटचं काम. संस्थेतल्या वरिष्ठ बाई पडद्याच्या एका कोपऱ्यात बसून पाहणार होत्या. दवाखान्यात एक तरुण आई होती. तिच्या बाळाला औषधाचे थेंब किती आणि किती वेळा, हे लेकीला समजावून सांगायचं होतं. लेकीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. अण्णा बाहेर होते, त्या दिवशी ते झोपले नव्हते.

आई खालच्या औषधवाल्याकडे गेलेल्या. मी पाहिलं, अण्णा उठले, शिवणाचा डबा उघडला, मोबाइल काढला. ॲपही उघडलं. अंगठा बटणावर आला.

"एकदाच," ते स्वतःशी पुटपुटले. "खात्रीसाठी."

मी माझे चारही दिवे धरून राहिलो. लुकलुकायची सोय नव्हती. लुकलुकलो असतो तर त्यांनी नक्कीच दाबलं असतं.

तेवढ्यात त्यांची नजर दारातून आत गेली. लेकीची दोन बोटं हवेत थेंब पाडत होती. एक, दोन, तीन. मग तिनं हात फिरवून सकाळ दाखवली, संध्याकाळ दाखवली. पडद्यावरच्या त्या आईनं तेच हात जसेच्या तसे परत करून दाखवले. तीन थेंब, सकाळी. तीन थेंब, संध्याकाळी. एक बोटसुद्धा अडखळलं नाही.

अण्णा दारात उभे राहून ते पाहत राहिले. अंगठा खाली आलाच नाही. मग त्यांनी मोबाइल डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि पितळी वजन त्यावर ठेवलं.

चार दिवसांनी लेकीला कायम केल्याचं पत्र आलं. शेवटच्या कामाच्या दिवशीची वहीतली नोंद मला वरून दिसते, कारण वही अजून माझ्या शेजारीच उघडी असते. 'किती भरलं' या रकान्यात आकडा नाही. तिथं लिहिलंय, 'मोजलं नाही. हात शेवटपर्यंत दिसले.' खाली सही आणि तारीख, पंचनाम्यावर असते तशी.

आता मी निवांत आहे, असं वाटेल तुम्हाला. पण अण्णा ते अण्णाच. लाइन निर्दोष सुटली, तसा त्यांचा संशय पाण्याच्या मीटरवर गेलाय. माझ्याकडेही जाता-येता डोळे बारीक करून बघतात. परवा आईंना म्हणाले, "बाकी सगळं मिटलं. पण त्या तीन ग्रॅमचं काय?"

वाचकहो, तुमच्याही घरी कपाटावर किंवा दाराच्या कोपऱ्यात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावर संशय जरूर घ्या, पण आधी स्वतःच्या अंगठ्याकडे एकदा पाहा. आणि कधी या घरी आलात, तर माझं एक काम करा. अण्णांना म्हणावं, त्याला एकदा उलटा करून बघा. मागचे दोन पाय नाहीत त्याला. कधीपासून तो असाच कलता बसलाय.