हललेली चित्रं

दिवसभर लोकांना "हलू नका" म्हणून दटावणं हा माझा धंदा. एमआरआयच्या खोलीबाहेर काचेमागे बसते मी, आणि मला स्वतःला मात्र खुर्चीत दोन मिनिटं चैन पडत नाही. हे बाबांकडून आलंय. ते ड्रम वाजवायचे. जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटं चालूच.

मग झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून बाबा खिडकीकडे तोंड करून बसतात. कुणी काही वाजवलं की बंद करायला लावतात. असे गप्प बाबा मला बघवत नाहीत. खरं सांगायचं तर रागच येतो.

माझा नवरा संगणकावर संगीत रचतो. मीच त्याच्या मागे लागले, बाबांच्या डोक्याच्या स्कॅनमधून सूर काढ म्हणून. चित्र उजळ तिथे वरचा सूर, काळं तिथे खालचा. स्वतःचं म्हटल्यावर ऐकतील तरी!

बाबांनी ऐकलं. "गोड आहे. कुणाचं?"

"तुमचंच, बाबा. तुमच्या स्कॅनचं."

"माझं? मी मेलोय का?"

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मी घरभर येरझाऱ्या घालत राहिले, आणि घालता घालता आठवलं. हा स्कॅन दुसरा, झोपेचं औषध देऊन काढलेला. पहिला, झटक्याच्याच दिवशीचा, मीच बाद केला होता. मशीन ठकठकायला लागल्याबरोबर बाबांनी आत पडल्या पडल्या डोक्याने ठेका धरला होता! मी माइकवरून ओरडत होते, पण ऐकतात कसले. चित्रांत कवटीच्या एकेका कडेच्या चार-चार कडा उमटल्या.

"तो कचरा कशाला?" नवरा म्हणाला.

"लाव मुकाट्याने."

सूर आले ते एकमेकांच्या पायात पाय घालत. प्रत्येकामागे त्याचीच तीन-चार पिल्लं, काही वेळेवर, काही धडपडत. बाबांनी मान वळवली. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर पडला, पुन्हा पडला, मग मागे राहिला. त्यांचा चेहरा वाकडा झाला. मी घाबरून बटणाकडे धावले.

"हलू नकोस!" बाबा माझ्यावर खेकसले. "इथे मी घाई केलीय. मागे घे. परत लाव."