पोटात खंजीर घेतलेला ग्रंथ

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड इतिहासग्रंथ आहे आणि मला एका पातळ पुस्तकाचा फार हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मनात जळायचं आणि वरून गोड बोलायचं, हे मला कधी जमलं नाही.

माझा जन्म १९७१ साली नागपूरच्या एका छापखान्यात झाला. मला लिहिणारे प्राध्यापक भंडारा जिल्ह्यातल्या तलावांच्या काठाने कितीतरी उन्हाळे हिंडले होते. त्यांनी शिलालेख वाचले, मालगुजारांची, म्हणजे त्या वेळच्या जमीनदारांची, जुनी दप्तरं चाळली, आणि म्हाताऱ्या माणसांच्या ओट्यावर बसून त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या. विद्यार्थ्यांना कळावं आणि जिज्ञासू माणसालाही गोडी लागावी, असं पुस्तक लिहायचं त्यांच्या मनात होतं. माझी बांधणी पक्की, कापडी. पाठीवर सोनेरी अक्षरं. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक टाइपात तळटीपा, म्हणजे वरची माहिती कुठून मिळाली त्याचा पुरावा. त्या तळटीपांचा मला भारी अभिमान होता.

एसटीच्या टपावरून मी लाखांदूरजवळच्या एका गावात आलो. गावात छोटंसं वाचनालय होतं आणि भय्याजी नावाचे गृहस्थ ते हौसेने चालवत. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं, "बापा, काय वजन हाये!" म्हणाले आणि काचेच्या कपाटात सगळ्यांत वर ठेवलं. मला वाटलं, मानाची जागा मिळाली. पुढे कळलं की ज्या पुस्तकाला कोणी हात लावणार नाही, ते वर ठेवायची तिथली पद्धत होती.

खालच्या कप्प्यात ते होतं. ते पातळ पुस्तक. ऐतिहासिक नाटकाचं. नाव सांगत नाही, सांगितलं तर त्याचा भाव आणखी वाढेल. लाल कव्हर, त्यावर मिशीवाला सरदार, आणि आत इतिहास म्हणाल तर चिमूटभर. राजाचं नाव खोटं, लढाई खोटी, गडही खोटा. तळटीप तर औषधालाही नाही. पण कौतुक बघाल तर त्याचंच!

आमच्या भागात दिवाळी झाली, धान कापून झाला, की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच. दिवसा दंडारीचा नाच, पाळणे, भज्यांची दुकानं, आणि रात्री नाटक. गावातले शेतकरी, दुकानदार, मास्तर हेच नट. त्यासाठी महिना महिना तालमी चालत, आणि ते लाल पुस्तक या घरातून त्या घरात मिरवत राही. कोणी उशीखाली घेई, कोणी शेतावर नेई. परत येई तेव्हा त्याच्या अंगावर चहाचे डाग असत आणि ते अशा तोऱ्यात कपाटात बसे, की माझं पित्त खवळे. मी मात्र स्वच्छ होतो. कोरा करकरीत. त्या स्वच्छपणाची मला पुढे पुढे लाज वाटू लागली.

मला एकच वाचक मिळाला, आनंदराव गुरुजी. बौद्ध मोहल्ल्यात राहायचे, गावातल्याच शाळेत शिकवायचे. रोज शाळा सुटली की वाचनालयात येत, स्टुलावर चढून मला खाली काढत आणि दोन-तीन पानं वाचत. घाईने नाही. तळटीपांसकट! एखादी गोष्ट पटली की "असं हाये का" असं हळूच म्हणत. मित्रांनो, त्या तीन शब्दांवर मी वर्ष वर्ष काढलं. गोंड राजे झाले, भोसल्यांचा काळ झाला, आणि एका संध्याकाळी ते तलावांच्या प्रकरणापाशी आले. त्या प्रकरणात याच गावचा तलाव होता. तो कसा खोदला, पाळ, म्हणजे मातीचा बांध, कशी रचली, पाणी कोणी राखलं, सगळं होतं. दोन पानं उलटली असती तर ते तिथे पोचले असते.

आणि नेमके त्याच दिवशी पुंडलिकराव आले. पुंडलिकराव हे गावातले मोठे कास्तकार, नाटक मंडळाचे अध्यक्ष आणि नाटकातले दगाबाज सरदार. ते म्हणाले, "गुरुजी, अवंदा प्रधानाचं काम तुमीच करा. तुमचा आवाज मोठा हाये."

बौद्ध मोहल्ल्यातल्या माणसाला मंडळाने बोलायचं काम देण्याची ती पहिलीच वेळ होती. गुरुजींचा चेहरा असा उजळला, की माझं एकही प्रकरण वाचताना तो तसा उजळला नव्हता. त्यांनी पानात बसचं तिकीट खुणेला घातलं, मला मिटलं आणि ते लाल पुस्तक हातात घेऊन घरी गेले. माझा एकुलता एक वाचक! त्या महिन्यात मी जेवढा जळलो तेवढा जन्मात जळलो नव्हतो.

आता खरी गोष्ट ऐका. गेल्या मंडईत शेजारच्या गावाने स्टेजवर खरा घोडा आणला होता. तेव्हापासून आमच्या मंडळाच्या जिवाला चैन नव्हती. काहीतरी असं करायचं, जे पंचक्रोशीत कोणी पाहिलं नसेल. पुंडलिकरावांना युक्ती सुचली. सरदाराने राजाला नजराणा म्हणून मोठा ग्रंथ द्यायचा, भर दरबारात तो उघडायचा आणि त्याच्या पोटातून खंजीर काढायचा. गावात एवढा मोठा ग्रंथ एकच होता.

मला खाली काढलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी हरखून गेलो. अखेर मलाही स्टेज मिळणार! त्या लाल्याच्या नाकावर टिच्चून मी दरबारात बसणार! युक्तीतला पोटाचा भाग माझ्या ध्यानातच आला नव्हता. गोमाजी सुताराने पटाशी काढली तेव्हा तो आला.

भय्याजी चुळबुळले. "वाचनालयाचं बूक हाये, कापाचं कसं?"

"हे कोन वाचते, भय्याजी?" पुंडलिकराव म्हणाले. "एक गुरुजी वाचत. बोला गुरुजी, कापाचं का नाई?"

सगळे गुरुजींकडे बघू लागले. मीही बघत होतो. त्यांनी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण नाही म्हटलं आणि हातचं काम गेलं तर?  शेवटी खाली मान घालून ते म्हणाले, "मधातलीच पानं कापजा. पयली नोका कापू."

गोमाजीचं काम सुबक. त्याने माझ्या मधल्या पानांना चौकोनी खोल खाच पाडली. मजकूर निघून गेला. कडेचे समास राहिले आणि तळटीपा राहिल्या. वर मोठं भोक आणि खाली बारीक अक्षरांत पुरावा, पण कशाचा, ते कोणाला कळणार? कापलेले तुकडे ढिगाने पडले होते. "हे रंभाबाईले द्या," कोणीतरी म्हणालं, "भजे बांधाले कामी येतीन."

दुसऱ्या दिवशी मंडई भरली. गुरुजी मला काखेत धरून मांडवाकडे निघाले होते. वाटेत रंभाबाईचं भज्यांचं दुकान लागलं आणि गुरुजींचे पाय थबकले. दुकानासमोर उभी असलेली माणसं भजी खात होती आणि हातातला कागद वाचत होती! ईश्वर नावाचा पानठेलेवाला मोठ्याने वाचत होता, "आयका, आपल्या तलावाची पाळ तीन डाव फुटली म्हंते." दुसरा म्हणाला, "थांब, माह्या कागदात चवथ्या डावाची गोष्ट हाये." आठ-नऊ वर्षं मी धडधाकट उभा होतो तेव्हा यांतल्या कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि आता तेलात भिजलेले माझे तुकडे सगळी मंडई वाचत होती. मी माझ्याच पानांवर जळू लागलो. असं दुःख वैऱ्यालाही नको.

तिथेच गुरुजींची काकू, बायजाबाई, लेकीबरोबर उभी होती. लेक धुरपता दहावीत होती. भज्यांचा कागद वाचता वाचता ती मध्येच थांबली.

"काहून थांबली वं?" बायजाबाईने विचारलं. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं.

धुरपताने मोठ्याने वाचलं, "ज्यांनी या पाळीची माती डोक्यावर वाहिली आणि पिढ्यान्पिढ्या पाणी राखलं, त्यांची नावं कोणत्याही शिळेवर नाहीत. त्यांपैकी चिंधू नावाच्या माणसाने पाळ फुटली त्या वर्षी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून भगदाड बुजवलं."

"चिंधू? वाच बरं अजून एकडाव." धुरपताने पुन्हा वाचलं. "हा तं आमचा आजेसासरा!" बायजाबाई म्हणाली आणि समोर गुरुजी दिसले. "आनंदा, हे तुह्याच बुकातलं ना?"

चिंधू हे गुरुजींचे पणजोबा. गुरुजींनी मला उघडलं, पानं चाळली. भोकाखालची तळटीप सापडली, 'ही हकीकत गावातील वृद्धांनी सांगितली.'  "काकू, तो कागद द्या," ते म्हणाले. "मी चिकटवतो."

"नाई देत."

"बूक अधुरं राहीन, काकू."

"तू कापू देलं तवा इचारलं का कोनाले? कोनत्या गोट्यावर त्याचं नाव नाई. एका ठिकानी होतं, ते तू भज्यांले देलं." तिने तो कागद पदराने पुसला, घडी न घालता छातीशी धरला आणि भजी तिथेच टाकून ती घरी गेली.

रात्री नाटक झालं. माझ्या पोटातून खंजीर निघाला तेव्हा टाळ्यांनी मांडव दणाणला. त्या टाळ्या मला गोड लागल्या, नाही असं नाही. पण प्रधानाच्या तोंडून पहिलं वाक्य निघायला फार वेळ लागला.

मंडईनंतर गुरुजी घरोघर फिरले. कोणाच्या चुलीपाशी, कोणाच्या खिशात, कोणाच्या दप्तरात माझे तुकडे सापडले. काही सापडलेच नाहीत, त्यांच्या जागी त्यांनी कोरा कागद लावला. तळटीपांचे आकडे जुळवत, गव्हाच्या खळीने त्यांनी एकेक तुकडा जागेवर बसवला. त्याला सारा हिवाळा गेला. पुढच्या वर्षी मंडळाने त्यांना पुन्हा काम देऊ केलं आणि ते नको म्हणाले.

ते लाल पुस्तक अजून तोऱ्यात आहे. हाताळून फाटलं तर भय्याजींनी नवीन आणलं! माझे मात्र थोडे दिवस पालटले. कॉलेजची मुलं येतात, कधी एखादा शेतकरी येतो आणि तेलकट पानांचं प्रकरण मागतो. पुढची-मागची प्रकरणं कोणी मागत नाही, तेवढं दुःख आहेच.

मित्रांनो, पुस्तक कोणी वाचत नाही म्हणून ते कापायला देऊ नका. आधी वाचा. आत कोणाचा माणूस उभा असेल, सांगता येत नाही. माझ्या एका पानात अजूनही भोक आहे. वाचक तिथवर आला की भय्याजी त्याला म्हणतात, "आता उठा, पुढचं बायजाबाईच्या घरी हाये." तो तुकडा तिने भाताच्या पेजेने भिंतीला लावला आहे. कोणी आलं की ती त्या ओळींवरून बोट फिरवत सगळं म्हणून दाखवते. तिला एक अक्षर वाचता येत नाही, पण एक शब्दही चुकत नाही. मी इथे कपाटात आणि तो तिथे, तिच्या बोटाखाली. त्या तुकड्याचा मला फार हेवा वाटतो.