पाचव्या अध्यायातला मुक्काम

फादर सिप्रियन वयाने लहान आणि उत्साहाने मोठे होते. हा त्यांचा दोष मी पहिल्या दिवसापासून ओळखून होतो. एक्क्याऐंशी सालच्या उपवासकाळात त्यांनी वटार गावातल्या बारा घरांत बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचं एकेक छोटं पुस्तक आणि एकेक शंभरपानी वही वाटली. रोज थोडं वाचायचं, ते आपल्याला काय सांगतं ते वहीत लिहायचं आणि, हे त्यांनी बोट वर करून सांगितलं, वाचलेलं केल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही.

बाकीच्या अकरा जणांनी हे बोलण्याच्या भरात आलेलं वाक्य समजून सोडून दिलं. मी वसईच्या कोर्टात सत्तावीस वर्षं कारकून आहे. आदेश तो आदेश. देणाऱ्याचं वय बघायचं नसतं.

पहिल्या अध्यायात नुसती वंशावळ आहे. मी आमच्या घराण्याची लिहून काढली. पाच पिढ्यांवर गाडं अडलं, पण प्रयत्न केला. दुसऱ्यात देवदूत योसेफाला बाळ-बाळंतीण घेऊन मिसर देशात जायला सांगतो. ते माझ्या अधिकारात नव्हतं, तसा शेरा मारला. चौथ्यात प्रभू येशू चाळीस दिवस उपाशी राहतो. मी चाळीस दिवस दुपारचा चहा सोडला. माझी बायको क्लारा म्हणाली की खरा उपास घरच्यांनाच पडला. या चाळीस दिवसांत पुढचं वाचता येईना, त्यामुळे ईस्टरला इतर अकरा जण पुनरुत्थानापर्यंत पोचले, तेव्हा मी अजून अरण्यातच होतो.

मे महिन्यात पाचवा अध्याय लागला. त्यात भावाला मूर्ख म्हणू नये असं आहे. माझ्या धाकट्या भावाला, फर्डिनंडला, मी सहा वर्षांत मूर्ख म्हटलेलं नव्हतं, कारण काहीच म्हटलेलं नव्हतं. 'पाळले' असं लिहून मी पुढच्या ओळीवर गेलो आणि तिथे अडकलो.

ती ओळ माझ्या शब्दांत अशी. तुम्ही देवाला वाहायचं काही घेऊन वेदीपाशी आला आहात, आणि तिथे तुम्हाला आठवलं की भावाच्या मनात तुमच्याविषयी काही सलतंय. तर हातातलं वेदीपुढे तसंच ठेवायचं, उठून जायचं, आधी भावाशी मिटवायचं आणि मग परत येऊन वाहायचं.

मी ही ओळ बारकाईने तपासली. माझ्या मनात फर्डिनंडविषयी काय आहे, याची चौकशी त्यात कुठेच नाही. ती असती तर मी वही भरली असती. वाटणीच्या हद्दीवर एक माड आहे. त्याचा नकाशा, त्याच्या नारळांची हकिकत, सगळं मी टाचून ठेवलेलं आहे. पण प्रभूने विचारलंय ते उलटं. त्याच्या मनात काय आहे? ते मला कसं ठाऊक असणार? तरी माझा अंदाज होता की त्याच्याही मनात तो माडच असेल.

आमचं घर वडिलांमागे मधोमध वाटलं गेलं. मध्ये एकेरी विटेची भिंत घातली. आई माझ्या बाजूला राहिली. भिंतीनंतर माडाचं भांडण झालं आणि भांडणानंतर दोन महिन्यांनी, पंचाहत्तर साली, आई वारली. बोलणं बंद असूनही आईचं दुखणं मी त्याला रीतीप्रमाणे कळवलं होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या काशीरामच्या हाती चिठ्ठी पाठवली होती: 'आई अत्यवस्थ. त्वरित यावे. वेळ दुपारी २.१०.' त्या चिठ्ठीची कार्बन प्रत माझ्या कपाटात आहे. म्हणजे त्या बाबतीत माझी बाजू पक्की होती.

फर्डिनंड चर्चच्या गायनमंडळात व्हायोलिन वाजवतो. शनिवारी संध्याकाळी तो भिंतीपलीकडे दुसऱ्या दिवशीची गाणी वाजवून बघे, त्यामुळे रविवारची गाणी गावात सगळ्यात आधी मला कळत. त्या वेळी मी माझी खुर्ची भिंतीला लावून बसत असे. तिकडे वारा बरा येतो.

तर ही ओळ पाळायची कशी? पहिला उपाय मी असा काढला की वेदीपाशी काही न्यायचंच नाही, म्हणजे ओळ लागूच होत नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत दानाची पिशवी आली की मी ती क्लाराकडे सरकवू लागलो. दोन महिन्यांत गावभर झालं की ॲन्सेल्म चिकट झाला. दुसरा उपाय 'आठवलं तर' या शब्दांवर बेतलेला होता. आठवलंच नाही तर प्रश्न मिटला. परंतु एखादी गोष्ट आठवायची नाही असं ठरवलं की ती सकाळी दात घासतानाही आठवते. जुलै गेला, सगळा पावसाळा गेला. वहीत रोज तारीख आणि खाली 'अंमलबजावणी बाकी' एवढंच. लोक चिंचोटीचा धबधबा बघून आले, मी पाचव्या अध्यायातच होतो.

मला पुढे जायचं होतं, हे इथे स्पष्ट सांगतो. मी चौपन्न वर्षांचा झालो होतो. फर्डिनंडचा आवाज कसा आहे हे मला मिस्सेत सगळे मिळून फादरांना देतात त्या उत्तरांवरून आठवून घ्यावं लागे, आणि त्या उत्तरांत सगळ्यांचेच आवाज मिसळलेले असतात.

ऑक्टोबरात फादरांनी वह्या तपासल्या. माझी चाळून म्हणाले, "ॲन्सेल्मकाका, अजून पाचवाच?"

"अंमलबजावणी बाकी आहे."

त्यांना हसू आलं. मग त्यांनी ती ओळ उघडून वाचली आणि त्यांचं हसू गेलं. "मग करा ना," एवढंच म्हणाले आणि वही परत दिली.

नोव्हेंबरात गावसण आला. सणाच्या मिस्सेला आमच्याकडे आळीपाळीने काही घरं आपल्या वाडीतला केळ्यांचा घड वेदीपुढे ठेवतात. त्या वर्षी आमच्या घराची पाळी होती. मी क्लाराला म्हटलं, तू ने. ती म्हणाली, "माझ्याच्याने एवढा घड उचलवत नाही, आणि सहा वर्षं तुमचं तोंडही उचललं जात नाही. दोन्हींतलं एक तुम्ही उचला." क्लारा सहसा एवढं लांब बोलत नाही.

मी घड खांद्यावर घेऊन चर्चच्या मधल्या वाटेने निघालो. वर माळ्यावर गायनमंडळ उभं होतं आणि फर्डिनंड वाजवत होता. ते गाणं मी आदल्या संध्याकाळी भिंतीला टेकून दोनदा ऐकलेलं होतं. दुसऱ्या कडव्यात तो जिथे चुकला होता तिथे आता तो चुकला नाही, आणि मला बरं वाटलं. नेमका त्याच वेळी मी वेदीपाशी पोचलो होतो. आठवायचं नाही म्हणायला आता वावच उरला नव्हता.

मी घड ठेवला, गुडघा टेकला आणि वळून सरळ बाहेर चालू लागलो. रुडॉल्फ सुतार कडेच्या बाकावर होता. त्याने पोट बिघडलं का अशी हाताने खूण केली. मी मान हलवली, तिचा त्याने काय अर्थ लावला मला माहीत नाही. दारापर्यंत पोचलो तेव्हा व्हायोलिन मध्येच थांबलं. तार तुटली असावी, असं मला वाटलं.

फर्डिनंडच्या ओट्यावर जाऊन बसल्यावर माझ्या लक्षात आलं की ज्याच्याशी समेट करायचा तो चर्चमध्ये आहे, आणि मी त्यालाच तिथे सोडून आलो आहे. शुभवर्तमानात असा प्रसंग आल्यास काय करावं, याविषयी सूचना नाही. घराला कुलूप होतं. मी बसून राहिलो.

मासळी विकणारी धोंडूबाई रस्त्याने चालली होती. ती टोपली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "घर चुकलं काय? तुमचा दार त्या अंगाला हाय."

"माहीत आहे."

"मंग कोनाची वाट बघता?"

"फर्डिनंडची."

तिने ओटा, कुलूप आणि मला पुन्हा एकदा पाहून घेतलं. "पानी पायजे काय?" असं तिने विचारलं. मी नको म्हटल्यावर ती टोपली उचलून गेली. सहा वर्षांत त्या ओट्यावर मला कोणी काही विचारायची ती पहिलीच वेळ होती.

अर्ध्या तासाने फर्डिनंड आला. त्याच्या हातात व्हायोलिनचा गज तसाच होता, शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मला पाहून तो फाटकातच उभा राहिला. आम्ही घरी बोलतो ती बोली कागदावर नीट बसत नाही, म्हणून पुढचं मी साक्ष नोंदवतात तसं सरळ मराठीत लिहितो.

"तू इथे आहेस?" तो म्हणाला. "मी चर्चच्या मागे बघितलं, विहिरीवर बघितलं, डॉक्टरकडे जाऊन आलो. तुझं दार वाजवलं."

"मला काही झालेलं नाही."

"मग उठून का गेलास?"

मी उभा राहिलो. वाक्य मी चालताना तयार केलं होतं. "फर्डिनंड, तुझ्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का? असल्यास सांग."

तो फाटक लावून ओट्यापाशी आला. मी मनात नकाशा उघडून ठेवला होता. माडाबाबत एक पाऊल मागे घ्यायचं, फार तर दोन, इथपर्यंत माझी तयारी होती.

"आई गेली त्या दुपारी मी घरातच होतो," तो म्हणाला. "ताप होता. भिंतीपलीकडे खाटेवर पडून होतो. तुमच्याकडे सगळ्यांनी मोठ्याने रोझरीची प्रार्थना सुरू केली, तेव्हा मला कळलं. मी धावत आलो तर तिचे डोळे मिटून झाले होते."

"मी चिठ्ठी पाठवली होती."

"वाडीत. काशीराम ती घेऊन वाडीत मला शोधत होता. दादा, मध्ये एक वीट होती. एक थाप मारली असतीस तर मी आलो असतो." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "सकाळपासून मी खोकत होतो. तुला ऐकू येत नव्हतं?"

माडाचं नावसुद्धा त्याने काढलं नाही.

कार्बन प्रतीत जे नाही ते आता सांगतो. आईने त्या दुपारी दोनदा विचारलं, फर्डिनंड कुठे आहे? मी सांगितलं, चिठ्ठी पाठवली आहे. आणि मी हे सांगत होतो तेव्हा तो भिंतीपलीकडे खोकत होता. मला वाटलं होतं, आधी त्याने यावं. थाप मारली तर मी बोललो असं होईल.

"ऐकू येत होतं," मी म्हणालो.

मग मी म्हटलं, "मला माफ कर." हे तयार केलेलं वाक्य नव्हतं, ते माझ्याच्याने नीट म्हणवलंही नाही, कारण मला रडू आलं होतं. चौपन्नाव्या वर्षी, सणाच्या कपड्यांत, दुसऱ्याच्या ओट्यावर. फर्डिनंड खाली बसला. मीही बसलो. बसल्यावर त्याने गज मांडीवर आडवा ठेवला आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, आणि ते नुसतं घामासाठी नव्हतं.

मग तो म्हणाला, "तुझा घड तिथेच राहिला."

"पुन्हा जाऊन वाहायचा आहे. तसं लिहिलेलं आहे."

आम्ही बरोबर निघालो. मिस्सा संपली होती. अंगणात बाकीच्या घडांचा लिलाव चालला होता, पण आमचा वेदीपुढे तसाच होता. फादरांनी कोणालाही हात लावू दिला नव्हता. ॲन्सेल्मकाका परत यायचे आहेत, असं म्हणाले होते. घड आधीच जागेवर असल्यामुळे नव्याने काय करायचं ते मला सुचेना. मी एका बाजूने उचलला, फर्डिनंडने दुसऱ्या बाजूने उचलला, आणि आम्ही तो वीतभर वर करून होता तिथेच ठेवला.

संध्याकाळी मी वहीत 'पाळले' असं लिहिलं आणि सहा महिन्यांनी पुढची ओळ वाचली. त्यात वादी कोर्टाच्या वाटेवर असतानाच त्याच्याशी मिटवून घ्यावं, असं आहे. सगळ्यांनी ही ओळ पाळली तर वसईच्या कोर्टात माझ्यासकट एकोणीस लोक बेकार होतील. तसा शेरा मी मारला आणि वही मिटली.

मग कपाटातून ती कार्बन प्रत काढली, फाडली आणि खुर्ची बाजूला करून भिंतीवर एक थाप मारली.

पलीकडे काहीतरी पडलं. धावती पावलं अंगणातून आली आणि फर्डिनंड अनवाणी माझ्या दारात उभा राहिला. त्याच्या मागे त्याची बायको रेजिना हातात कंदील घेऊन.

"काय झालं? कोणाला काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "ऐकू येतं का ते बघत होतो."

त्याने दाराच्या चौकटीला हात टेकून श्वास घेतला.

"येतं," तो म्हणाला.