पाण्याला नाही म्हणू नये

"पाणी मिळेल का, ताई?" मुकुंदनं दारातूनच विचारलं आणि पायरीवर बैठक मारली.

इंदुताईंनी तांब्या आणला. मुकुंद घोटभर प्यायला, तांब्या शेजारी ठेवला आणि तिथंच बसून राहिला. हप्त्याचं अवाक्षर काढलं नाही. मृदुला बघत राहिली. थेरगावच्या या वित्तसंस्थेत वसुली कशी करतात, त्यासाठी माणसं कशी तयार करतात हे शिकायला तिला बीडच्या पतसंस्थेनं पाठवलं होतं. तिकडे थकबाकीनं शाखेला घरघर लागली होती. काही न शिकता परतलीस तर शाखा बंद आणि तुझी नोकरीही, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं.

येताना रिक्षात इथला वसुली अधिकारी असलेल्या मुकुंदनं धडा दिला होता. आवाज चढवायचा नाही, शिवी तर नाहीच. फक्त पाणी मागायचं. दारी आलेल्याला पाण्याला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही, आणि पाणी दिलेल्या माणसाला ऊठ म्हणवत नाही. बाकीचं काम गल्ली करते. मोठा सभ्य माणूस हा मुकुंद, केसानं गळा कापणारा.

गल्लीनं काम केलंच. इंदुताईंच्या कर्जगटातल्या बायका एकेक करून समोर येऊन उभ्या राहिल्या. इंदुताईंच्या नवऱ्याला चाकणच्या कंपनीनं कामावरून ब्रेक दिलाय, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण हिचा हप्ता चुकला की तो त्यांच्याच डोक्यावर बसणार होता. कुणी जागचं हललं नाही.

मुकुंदनं मृदुलाला खूण केली. आता तुम्ही.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शाखा डोळ्यांपुढे आली.

"ताई, मलाही थोडं पाणी द्या ना."

इंदुताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग कानातली फुलं काढून शेजारणीच्या हातावर ठेवली.

"मोडून आण गं."

आणि आत जाऊन त्यांनी मृदुलासाठी पाणी आणलं. तिनं ते न पिताच पायरीवर ठेवलं.

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत उन्हानं तिचा जीव कासावीस झाला. एक म्हातारी उंबऱ्यात मेथी निवडत होती. मृदुला सगळं विसरून गेली.

"मावशी, जरा पाणी देता का?"

म्हातारीचा हात मेथीवरच थांबला.

"आमचा हप्ता भरलाय बाई, ह्या म्हैन्याचा," ती म्हणाली. "कुणालाबी इचार."

मागून मुकुंद आला.

"शिकलात की, मॅडम."