बिनतिखटाचा पास्ता

मागच्या अंगणात, चुलीशेजारच्या फळीवर एवढं होतं: बोनलेस मटण तीनशे दहा ग्रॅम, आणि त्यावरचा पांढरा पडदा निकिताने सोलून काढल्यावर दोनशे ऐंशी. पेने पास्त्याचं अर्धं पाकीट. चीजचे चार क्यूब. दोन चमचे लोणी, लसणाच्या नऊ पाकळ्या, एक कांदा, मीठ. मिरी नाही, मिरची नाही, गरम मसाला नाही. क्रीम तेवढं आणायचं राहिलं होतं.

हा सगळा खटाटोप कपिलसाठी होता. कपिल म्हणजे निकिताचा मोठा भाऊ. वय एकोणतीस, वणीकडच्या खाणीवर टिपर चालवायचा. सतराव्या वर्षापासून तो खर्रा खात आला होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा, पुडी गालात धरायची, अशा दिवसाला पाच-सहा पुड्या. दोन वर्षांपूर्वी तोंडात जळजळ सुरू झाली. मग गालाची आतली कातडी पांढरी पडली, दोरीसारखी ताठ झाली आणि तोंड उघडेनासं झालं. तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. यवतमाळच्या डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, खर्रा पूर्ण बंद, जबड्याचा व्यायाम रोज. वरच्या-खालच्या दातांमधली फट वीस मिलिमीटरच्या वर राहिली तर इंजेक्शनांवर भागवू, खाली गेली तर ऑपरेशन. तेव्हा ती बावीस होती. उद्या, गुरुवारी, पुन्हा दाखवायला जायचं होतं.

ऑपरेशनचं नाव काढलं की कपिल उठून जायचा. खाणीवरच्या लालसिंगचं झालं होतं. मांडीची कातडी काढून गालात लावली, पाच महिने घरी बसला, आणि सहाव्या महिन्यात तोंड पुन्हा आवळलं.

खर्रा मात्र कपिलने खरोखर सोडला होता. यावर घरात कोणाचा विश्वास नव्हता. तानाबाई, त्याची आई, कपडे धुताना त्याचे खिसे उलटे करून पाहायची. वडील रामराव म्हणायचे, "चोरून खात असन. सुटते का असं?" स्वतः रामराव तीस वर्षांपासून खर्रा खात होते आणि जांभई दिली की त्यांच्या अक्कलदाढा दिसायच्या. "बाबाले काहून काही होत नाई मंग?" असं कपिलने एकदा निकिताला विचारलं होतं. निकिता बी.एस्सी. झालेली, वणीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. तिने त्यावर बरंच वाचलं होतं. कोणाला होतं आणि कोणाला नाही, याचं कारण कोणालाच नीट सांगता येत नाही, एवढंच तिला सापडलं. ते तिने त्याला सांगितलं नाही.

चार महिने कपिल दहीभात, दुधात कुस्करलेली पोळी आणि केळी यांवर होता. तोंडाने खाता येत नव्हतं म्हणून डोळ्यांनी खायचा. रात्री जेवण झालं की मोबाइलवर जगभरच्या लोकांचा स्वयंपाक बघत बसायचा. सोमवारी त्याने निकिताला हाक मारली.

"निके, हे पाह्य. सुरुवातीपासून पाह्य."

एक दाढीवाला माणूस मांसाचा जाड काप लोखंडी तव्यावर परतत होता. मग क्रीम, चीज, त्यात उकडलेला पास्ता.

"काय पाहू याच्यात?"

"मिरची कुठी टाकली त्यानं? तीनदा पाह्यलं मी. टाकतच नाई. हे मले जमते."

"मटन आहे पन त्याच्यात, दादा. चावा लागीन."

"चावतो ना. व्यायाम काय फोकट करून राह्यलो का?" मग जरा थांबून तो म्हणाला, "खाल्लं मी ते, तं समज गुरुवारी डॉक्टर काही कापाकापी करत नाई."

निकिताला हे समजून घेणं सोपं होतं. महिनाभर त्याने तिला फट मोजू दिली नव्हती. "रोज मोजलं तं वाढते का वं ते?" म्हणून हात झटकायचा. मोजपट्टीची भीती वाटत होती, म्हणून त्याला जेवणाची परीक्षा हवी होती.

व्हिडिओतलं मांस बकऱ्याचं नव्हतं, पण या घरात बकराच चालायचा, आणि तोही घरातल्या गॅसवर नाही. मटणाची कढई वेगळी, चूल मागच्या अंगणात. बुधवारी लॅबमधून निघाल्यावर निकिता वणीत युनूसभाईंच्या दुकानात गेली. जाड काप नको, अगदी पातळ पट्ट्या हव्यात म्हणाली. "पसंदे बोलो ना सीधा," म्हणत त्यांनी मांडीचा मऊ भाग लांब कापला, सुरीच्या पाठीने ठोकून दिला आणि विचारलं, "मेहमान आ रहे क्या?" निकिता हो म्हणाली.

मारेगावला घरी पोचून तिने सगळं मांडलं, मोजलं, आणि क्रीम आणायला डेअरीवर गेली. परत आली तेव्हा तानाबाई चुलीजवळ बसली होती आणि तिच्यापुढच्या पातेल्यातलं मटण लाल दिसत होतं.

"आई, हे काय?"

"काय काय? मीठ-हळद लावून ठेवली. कच्चं कुठवर ठेवतं?"

"लाल काहून दिसते?"

तानाबाईने पातेल्यात पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. चाळीस वर्षं मटणाला हळद लागली की मागोमाग हात तिखटाच्या डब्यात जात आला होता. आजही गेला होता.

"माय वं," ती म्हणाली. "हात गेला माहा. ध्यानातच नाई राह्यलं."

"किती टाकलं?"

"अर्धा चमचा. नाई, एकच असन."

निकिताने मटण नळाखाली धरलं. एकदा, दोनदा, तीनदा धुतलं. रंग गेला. एक तुकडा तव्यावर शेकून तिने जिभेवर ठेवला. तिला स्वतःला तो फिका लागला असता; पण जिभेच्या टोकाला बारीक चुणचुण होती, आणि कपिलच्या तोंडात त्या चुणचुणीची आग व्हायची. दुसरं मटण आता कुठून आणणार? सात वाजून गेले होते.

"पान्यानं जात नाई ते," ती म्हणाली. "तिखटातलं झोंबनारं पान्यात विरघळत नाई. दुधात निघते. दूध पाह्यजे."

मटणाला दूध लागलं की अंगावर कोड उठतं, हे तानाबाई लहानपणापासून ऐकत आली होती. पास्त्यात क्रीम पडणार म्हटल्यावर सोमवारपासून तिची कुरकुर चालू होती. कोडाचा दुधाशी काही संबंध नाही, हे निकिताने दोन दिवसांत तीन पद्धतींनी समजावलं होतं आणि तिसऱ्या वेळी सोडून दिलं होतं.

"त्याचं लगन व्हाचं आहे अजून," तानाबाई म्हणाली.

"आई, त्याले जेवाचं आहे."

तानाबाई उठली, घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सकाळच्या चहासाठी आणि विरजणासाठी ठेवलेलं सगळं दूध होतं, लिटरभर. निकिताकडे न बघता तिने ते स्वतःच पातेल्यात ओतलं आणि मटण दोन्ही हातांनी चोळायला लागली. मध्येच म्हणाली, "अजून झोंबते का पाह्य."

निकिताने पाहिलं. नव्हतं झोंबत.

पुढचं सोपं होतं. पास्ता उकडला. मटणाच्या पट्ट्या लोण्यात परतून, झाकण ठेवून शिजवल्या. कांदा, लसूण, क्रीम, चीज घातलं. चूल जास्त पेटली तेव्हा तानाबाईने न सांगता दोन लाकडं ओढून घेतली. रामराव वासाने बाहेर आले आणि पाटावर बसले.

"ह्या तं शेवयाच," ताटली पाहून ते म्हणाले. "भोकाच्या."

"बाबा, इटलीचे लोक रोज खातात हे," कपिल म्हणाला.

"मंग मिरची भेटत नसन त्याईले तिकडं. बिचारे."

कपिल हसला. हसतानाही त्याचे ओठ एका मापापुढे जात नसत, पण हसला. त्याने काटा आडवा धरून एक पेने दातांमधून आत सरकवला. सगळे त्याच्याकडे बघत होते, बघत नसल्यासारखे.

"जळत नाई," तो म्हणाला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. "आई, खरंच जळत नाई वं. मस्त आहे."

तानाबाईने पदर तोंडाला लावला. निकिता त्याच्या काट्याकडे बघत होती. चार महिन्यांपूर्वी तो चमचा ओठांशी तिरपा करून घास आत ओतायचा. काटा चमच्यापेक्षा चपटा होता, तरी दातांमधून आत जात होता.

मग त्याने मटणाची पट्टी उचलली. चांगली शिजली होती, बोटाने तुटली असती. त्याने ती तशीच तोंडात घातली आणि चावायला लागला. चार-पाच वेळा जबडा हलला. मग हलणं लहान झालं. त्याने अंगठा गालावर दाबला, बाहेरून घास ढकलला, पुन्हा चावलं. कानाजवळची शीर उठून दिसायला लागली. डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट राह्यलं काय?" तानाबाई घाबरून म्हणाली. "निकिता, राह्यलं वाटते."

कपिलने मान हलवली. नाही. त्याने बोट तोंडात घालून घास इकडचा तिकडे करून पाहिला. बोट पुरतं जात नव्हतं. शेवटी तो उठला, मोरीकडे गेला. परत आला तेव्हा ओठ ओले होते.

"चव चांगली आहे," तो म्हणाला. "दुखून राह्यलं फक्त."

"मी बारीक करून देतो नं, खिम्यासारखं," तानाबाई म्हणाली. "मिक्सरमधून काढतो. थांब."

"नको."

"खर्रा खाल्ला असन आज," रामराव म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"चार महिने झाले, बाबा," कपिल म्हणाला. "एकबी नाई खाल्ला. कोनाची शपथ घेऊ सांगा." रामरावांनी ताटलीत पाहिलं. खिशाकडे गेलेला त्यांचा हात मांडीवर येऊन थांबला.

तोंड खर्रा सोडल्यावरही आवळत जाऊ शकतं, हे निकिताला माहीत होतं. चार महिन्यांत ती हे वाक्य कितीदा तरी जिभेवर आणून परत गिळत आली होती. आता कपिल तिच्याकडे बघत होता, आणि विचारत मात्र नव्हता.

"तू ते सगळं केलं, दादा," ती म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं तेवढं सगळं केलं."

"आन पट्टी," कपिल म्हणाला.

शून्याच्या आधीची रिकामी कडा घासून काढलेली प्लास्टिकची पट्टी तिने आणली, उकळत्या पाण्याने धुतली. कपिल भिंतीला डोकं टेकून बसला आणि जमेल तेवढं तोंड उघडलं. तानाबाईने मोबाइलचा उजेड धरला. तो हलत होता, म्हणून रामरावांनी तिचं मनगट धरलं. निकिताने पट्टी खालच्या पुढच्या दाताच्या टोकावर उभी टेकवली आणि वरच्या दाताच्या टोकाशी वाचलं. लॅबमधल्यासारखं तीन वेळा.

पहिल्यांदा अठरा मिलिमीटर. दुसऱ्यांदा साडेअठरा. तिसऱ्यांदा अठरा.